मास्तर जेवत नाही

मास्तर जेवत नाही हे क्युल्याश आपाने मला सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "खातो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याचा डबा खाली न्यायला म्हणून उचलला, तर बटाट्याच्या सालांखाली वर्तमानपत्राची एक पुडी दिसली. दोऱ्याने नीट बांधलेली होती, म्हणूनच मी ती सोडली. कचरा कुणी इतका नीट बांधत नाही. आत पांढरा उंदीर होता, ओला, फुगलेला, कुठेही दाताची खूण नसलेला. त्याच्याखाली आणखी एक. मी पुडी होती तशी बांधली, डबा रिकामा करून आणला आणि हात धुतले. आपा चहात दूध घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मास्तर म्हणजे आमच्या घरातलं मांडूळ. माझे वडील, म्हणजे आके, कझाकस्तानातल्या शू स्टेशनच्या पुढचे रूळ तपासत आयुष्यभर चालले. वाळवंटाच्या बाजूला रुळांखालच्या एका मोरीत त्यांना ते सापडलं होतं, शेपटी चेंगरलेलं, आणि जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून त्यांनी ते घरी आणलं. दिवसभर पडून राहतं, महिन्यातून दोनदा जेवतं आणि कुणी काही विचारायला गेलं की तोंड वाळूत घालतं, म्हणून आकेंनी त्याला स्टेशनमास्तरचं नाव दिलं. खरे स्टेशनमास्तर कधीच निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले. हा माशांच्या जुन्या काचपेटीत, वाळूखाली, आकेंच्या खोलीत राहिला. त्याचे गोठवलेले उंदीर मीच अल्माटीहून आगगाडीच्या डब्यातल्या सेविकेच्या हाती पाठवायचे. फ्रीजमध्ये ते मांस भरलेल्या मंतींच्या पिशवीशेजारी असायचे, आणि आकेंचा आवडता विनोद असा होता की एक दिवस आपा पाहुण्यांना चुकीची पिशवी उकडून वाढणार आहे.

"खातो की." हे शब्द मी आधी ऐकले होते. उन्हाळा संपत आला तेव्हापासून मी दर रविवारी फोन करून विचारायचे, आके जेवतात का. आपा म्हणायची, "खातात की. पोटभर." मग आके फोन घ्यायचे आणि टरबुजांबद्दल बोलायचे. पानगळ सुरू झाली आणि ते गेले. पोटात गाठ होती, हे मला त्यांना माती दिल्यावर कळलं.

त्यांचं घड्याळ माझ्याकडे आलं. चामड्याच्या पट्ट्याला मूळच्या भोकांच्या पुढे खिळ्याने पाडलेली नवी भोकं होती, एकापुढे एक, शेवटचं पार बक्कलजवळ. मी अल्माटीत पुस्तकांची मुद्रितं तपासते. ओळीत जे आहे ते कुणालाही दिसतं, माझा पगार जे गळलंय त्यासाठी असतो. ती भोकं मी बराच वेळ पाहिली. गाठ असलेली माणसंही जेवतात. कुणीतरी जेवायला घालावं लागतं.

क्युल्याश आपा ही आकेंची दुसरी बायको. माझी आई जाऊन खूप वर्षं झाल्यावर, आके निवृत्त झाल्यावर ती या घरात आली. त्याआधी बालवाडीत स्वयंपाक करायची. आमचं कधी भांडण झालं नव्हतं. भांडायला लागते तेवढी ओळखच नव्हती. मी तिला आई म्हणत नव्हते, आपा म्हणायचे, आणि तिची त्याला हरकत नव्हती. मी आकेंच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत राहायचं म्हणून रजा काढून आले, तेव्हा तिने माझी पथारी बैठकीच्या खोलीत घातली आणि विचारलं, "एवढे दिवस?" तो प्रश्न मी मनात ठेवून दिला.

शुक्रवार आला. शुक्रवारी गेलेल्यांसाठी तेल तापवतात, सात शेलपेक तळतात, पातळ, पोळीएवढे, आणि शेजारी वाटतात. गेलेल्यांपर्यंत पोचतो तो तेलाचा वास, तेवढंच त्यांचं जेवण. आपाने कणीक भिजवली नाही. दुकानातून पाव आणला, तो मशिदीपाशी देऊन आली, आणि संध्याकाळी आम्ही दोघींनी थंड बटाटे खाल्ले.

खालच्या मजल्यावरची म्हातारी राखिया अझे दारापाशीच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसते. मला पाहून तिने शेजारची जागा झटकली.

"तुझी आपा तळत का नाही गं?" तिने विचारलं. "आज शुक्रवार. माझ्या नाकाला काही कळलं नाही."

मी म्हटलं, तिला बरं नसेल.

"नसेल. पण कलिंगडं आली तेव्हापासून त्या घरातून मांस शिजल्याचा वास नाही. मी तर म्हटलं, तुझा बाप ओराझ हवा खाऊन राहतो की काय." टरफल तिने तळहातावर थुंकलं. "मी कुणाचं वाईट बोलत नाही हं. हे नाक आहे ना, ते बोलतं."

त्या दिवसापासून मी आपावर लक्ष ठेवायला लागले. लक्ष ठेवायला फारसं काही नव्हतं. ती उठायची, नमाज पढायची, चहा करायची, आणि मी बाजारात जायला निघाले की आकेंच्या खोलीचं दार लोटून घ्यायची. एकदा मी पिशवी विसरले म्हणून जिन्यावरून परत फिरले. ती पेटीवर वाकलेली होती. मला पाहून ताठ उभी राहिली आणि मागे घेतलेला हात पुढे आणला नाही.

"वाळू सारखी करत होते," ती म्हणाली.

दिव्याचंही तसंच. ज्या खोलीतून माणूस गेला तिथे चाळीस दिवस दिवा विझू देत नाहीत. आकेंचा टेबलावरचा दिवा आपाने पेटीशेजारच्या कपाटावर ठेवला होता. एका सकाळी मी उठले तर दिवा बंद. आपाने सांगितलं, वीज गेली असेल. फ्रीज चालू होता, भिंतीवरचं विजेचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. मी दुकानात गेले, तिथला सगळ्यात मोठा, पांढरा शुभ्र बल्ब आणला, बसवला, आणि बटणावर चिकटपट्टी लावली. खोलीत भर दुपार झाली. त्यानंतर रोज झोपण्याआधी आणि उठल्यावर मी तो पाहून यायचे. आकेंना आणखी एका गोष्टीत कुणी फसवू नये एवढंच मला वाटत होतं.

मास्तर वर यायचाच बंद झाला. एरवी संध्याकाळी वाळूतून त्याचं तोंड दिसायचं, आणि दोन बारीक डोळे, कुणीतरी बटणं शिवून ठेवल्यासारखे. आता नुसती सपाट वाळू. मी उंदीर गरम पाण्यात सैल केला, पुसला, चिमट्याने धरून आकेंसारखा हलवला. वाळू हलली नाही. उंदीर तिथेच ठेवला, तो दुसऱ्या दिवशी तिथेच. मी विचारलं तर आपा म्हणाली, "भूक नसेल. मागच्या आठवड्यात खाल्लाय."

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिने कप विसळायला घेतला.

ती कब्रस्तानात गेली त्या दुपारी मी पेटी तपासली. झाकण काढलं तर आंबूस वास आला. उबदार कोपऱ्यातल्या वाळूवर पांढरी, तडे गेलेली पापुद्री होती. बोटाने उकरली तर खालची वाळू ओली, ढेकळं धरलेली. आणि ढेकळांत एक चमचा. लहान लाकडी चमचा, दांडा एका बाजूने जळलेला. तो माझ्या आईच्या मिठाच्या डब्यातला होता.

पहिला विचार आला तो विषाचा. पापुद्रीचा तुकडा मी काडेपेटीत घातला. मग पुन्हा वास घेतला आणि ओळखला. आयरान. ताक.

त्यामुळे बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. आमच्याकडे घरात साप शिरला तर मारत नाहीत. त्याच्या डोक्यावर पांढरं ओततात, दूध असेल तर दूध, ताक असेल तर ताक, आणि दार उघडं ठेवतात. आमचं तुझं वैर नाही, पण आता जा, असा त्याचा अर्थ. आके हयात असताना मास्तरवर पांढरं ओतायची कुणाची छाती नव्हती. आता ते गेले, तेव्हा आधी साप, मग मी. "एवढे दिवस?" हा प्रश्न मला पुन्हा ऐकू आला. घरातून आकेंचं जे जे काही आहे ते गोड बोलून बाहेर घालवायचं चाललं होतं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मी वाळूत हात घालून मास्तरला काढलं. तो अंगठ्याएवढा जाड, थंड आणि हलका लागला. त्याला आकेंच्या कानटोपीत ठेवलं, टोपी पिशवीत, चमचा खिशात, आणि रूळ ओलांडून रिम्मा पावलोव्हनाकडे गेले.

रिम्मा पावलोव्हना या गावात चाळीस वर्षं मेंढ्या, कुत्री आणि कधीमधी उंट बरे करते आहे. तिच्या दारात एक मेंढा लंगडत होता आणि मेंढ्याचा मालक त्याच्याहून जास्त कण्हत होता. तिने त्याला बाहेर बसवून मला आत घेतलं.

"ओराझची मुलगी," ती म्हणाली. "तुझा बाप दर वर्षी पानगळीत एक टरबूज आणि हा साप घेऊन यायचा. 'रिम्मा, मास्तर जेवत नाही.' दर वर्षी मी सांगायचे, 'थंडी पडली, साहेब रजेवर गेले. जेवतील वसंतात.' टरबूज ठेवायचा, साप घेऊन जायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच."

मी म्हटलं, या वर्षी वेगळं आहे. कुणीतरी मुद्दाम काही केलंय असा मला संशय आहे.

"कुणीतरी," तिने टोपीतून मास्तरला तळहातावर घेतलं. "बघू, कुणीतरी काय केलंय."

ती प्रश्न विचारत गेली आणि मी उत्तरं देत गेले. कात कधी टाकली? माहीत नाही. वजन केलंय? नाही. पेटीखालची ऊब देणारी तार चालू आहे? आहे. वाळू कोरडी आहे? नाही. या प्रश्नावर तिने मास्तरला उलटं केलं. पोटावरच्या खवल्यांना तांबूस फोड आले होते, काही फुटलेले.

"हे ओलीमुळे. वाळवंटातला प्राणी, त्याला चिखलात झोपवलंत. आणि पोट दुखत असेल तर तू तरी जेवशील का?" ती पुढे झुकली, बोट खवल्यांवरून फिरवलं आणि हुंगलं. "पण हे चोळलं कुणी?"

"काय?"

"चरबी. मेंढीच्या शेपटीची, वितळवून गाळलेली. प्रत्येक फोडाला लावलीय. अंधश्रद्धाच आहे, उपयोग शून्य. पण ज्याला साप मारायचाय तो त्याच्या पोटाला चरबी चोळत बसत नाही, पोरी."

मी खिशातला चमचा हातात धरून बसले.

"रात्री अंधार मिळतो याला?"

मी दिव्याचं सांगितलं. बटणावरच्या चिकटपट्टीचंही.

रिम्मा पावलोव्हना मुसलमान नाही, पण तिने या गावातली कितीतरी माणसं कब्रस्तानापर्यंत पोचवली आहेत. "गेलेल्याला उजेड लागतो, याला अंधार," ती म्हणाली. "दोघांना एका खोलीत ठेवू नका. साप न जेवता महिनोन्‌महिने राहतो. न जेवल्याने मेलेले साप मी फार पाहिले नाहीत. जेवत नाही म्हणून घाबरलेल्या माणसांनी मारलेले पुष्कळ पाहिले. कोरडी वाळू दे, काळोख दे, फोडांना हे औषध लाव, आणि तोंडाजवळ रोज उंदीर नाचवू नकोस, महिन्याने एकदा ठेवून बघ. त्याला खायचं असेल तेव्हा तो सांगेल."

पैसे तिने घेतले नाहीत. पुढच्या वर्षी टरबूज आण, म्हणाली.

घरी आले तेव्हा दार उघडंच होतं. आपा आकेंच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून कपाटाखाली हात घालत होती. डोक्यावरचा रुमाल सुटला होता. पेटीचं झाकण खाली होतं.

"पळाला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "झाकण नीट लावलं होतं मी. देवाशपथ लावलं होतं."

"माझ्याकडे आहे."

ती उठून बसली, भिंतीला टेकली आणि श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "सांगून न्यायचंस."

"तुम्ही मला सांगितलं होतं? तो जेवत नाही ते?"

मी चमचा तिच्या समोर जमिनीवर ठेवला.

"हा पेटीत काय करत होता?"

"तो तुझ्या आकेंचा आहे."

"माझ्या आईचा आहे. मिठाचा."

"असेल. शेवटी त्यांचा झाला. मोठा चमचा तोंडात जात नव्हता." तिने चमचा उचलून पदरासारख्या सुटलेल्या रुमालाने पुसला. "मांस बंद झालं, पाव बंद झाला, मग सूप. आयरान तेवढं घ्यायचे. पातळ करून, या चमच्याने. दोन चमचे झाले की मान फिरवायचे. हा उंदीर घेईना तेव्हा मला वाटलं, एवढी वर्षं त्यांच्या हातचा आहे, त्यांच्यासारखंच झालं असेल याला. तोंडाजवळ थेंब थेंब सोडायचे. तो घेत नव्हता. सांडत होतं."

"पांढरं ओतलंत तुम्ही त्याच्यावर."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मी नजर खाली घेतली.

"घालवायला?" ती म्हणाली. "याला घालवून मी इथे कुणाशी बोलू?"

बाहेर मालगाडी जात होती. ती पूर्ण जाईपर्यंत आम्ही थांबलो. या घरात बोलणं नेहमीच गाड्यांच्या मधल्या वेळात होतं.

"फोनवर तुम्ही म्हणायचात, खातात की, पोटभर."

"ते समोर बसलेले असायचे. हाताने खुणा करायचे, म्हण, म्हण." तिने आकेंचा हात करून दाखवला. तो त्यांचाच हात होता, सिग्नल देताना हलवायचे तसा. "म्हणायचे, कळलं तर आपली कामाश धावत येईल. समोर ताट घेऊन बसेल. तिच्यासाठी मी दोन घास खाईन आणि तिच्या देखत ओकेन. ते तिने बघायचं नाही. मी म्हटलं, नंतर ती मला विचारेल. तर म्हणाले, तू सांग, मी शपथ घातली होती. आता सांगितलं. नाही पटत तुला, दिसतंय मला."

"मी खरं कसं मानू, आपा?"

"नको मानू. मी साक्षीदार कुठून आणणार? एक होता, तो तुझ्या पिशवीत आहे."

मी पिशवी उघडली. टोपीत मास्तर वेटोळं करून पडला होता. आपाने बोटाने त्याचं पोट हळूच उचलून पाहिलं आणि विचारलं, डॉक्टरीण काय म्हणाली. मी सगळं सांगितलं, ओलीचं, दिव्याचं, चरबीचा उपयोग शून्य आहे तेही.

"शून्य तर शून्य," ती म्हणाली. "वाटीत उरली होती. अंथरुणाने तुझ्या आकेंची पाठ सोलली होती, तिथे लावायचे. ती वाटी फेकवली नाही मला." मग तिने दिव्याकडे पाहिलं. "आणि तो मीच विझवला होता त्या दिवशी. अंधार पडला की ते मास्तरसाठी खोलीतला दिवा घालवायचे. म्हटलं, थोडा वेळ यांना उजेड, थोडा वेळ त्याला अंधार. तू एवढा मोठा आणून लावलास, मग मी गप्प बसले. तू कचरा उघडतेस, फ्रीज मोजतेस. तुला काय सांगू, की हाही माझ्या हातून जेवत नाही?"

मला एकच गोष्ट विचारायची राहिली होती. ती मी उभी राहून विचारली. "शुक्रवारी तळलं का नाहीत?"

आपा बराच वेळ चमच्याच्या जळक्या दांड्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"तेलाच्या वासाने त्यांना उलटी व्हायची," ती म्हणाली. "खालच्या अझेने कांदा टाकला तरी खिडक्या लावून घ्यायचो. मांसाचा वास नको म्हणून मी थंड खायचे, स्वयंपाकघरात, दार लावून. आणि आता म्हणे तेलाचा वास त्यांना पोचवायचा. मेल्यावर माणसाचं पोट बरं होतं का? मी हे मुल्लाला विचारू? हसेल तो. म्हणून पाव दिला. पावाला वास नसतो." मग तिने मान वर केली. "मी खायला घातलं नाही म्हणून ते गेले नाहीत, कामाश. ते निघाले होते म्हणून खात नव्हते."

मी पेटीशेजारच्या दिव्याची चिकटपट्टी काढायला गेले. ती चांगली घट्ट बसली होती. नखाने खरवडून काढावी लागली.

त्या संध्याकाळी आम्ही वाळू काढून टाकली. दुसऱ्या दिवशी आपाने तिच्या भाच्याकडून टेकड्यांवरची ताजी वाळू मागवली, गव्हासारखी चाळली, ओव्हनच्या पत्र्यावर पसरून भाजली आणि गार व्हायला खिडकीत ठेवली. राखिया अझे खालून ओरडली की आता तुम्ही दगडधोंडे खायला लागलात का. मी म्हटलं, नाही अझे, मास्तरचं अंथरूण वाळत घातलंय. मास्तरला औषध लावून वाळूवर ठेवलं, तर तो थोडा वेळ तसाच पडून राहिला, जीभ दोनदा बाहेर काढली आणि डोकं खुपसून आत गेला. शेवटी शेपटीचा चेंगरलेला तुकडा राहिला, मग तोही गेला.

दिवा कुठे ठेवायचा यावर आम्ही वाद घातला. मी बैठकीची खोली म्हटलं. आपा म्हणाली, स्वयंपाकघरात. "शेवटी तिकडे यायचंच बंद केलं होतं त्यांनी. बघू देत, काय काय ठेवलंय मी ते."

पुढच्या शुक्रवारी तिने कणीक भिजवली, सात गोळे केले, ओल्या फडक्याखाली ठेवले, आणि कढईत तेल ओतून शेगडीपाशी उभी राहिली. गॅस पेटवेना. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने काडेपेटी माझ्या हातात दिली. मी पेटवला. आकेंच्या खोलीचं दार मी मास्तरसाठी आधीच लावून घेतलं होतं, आणि आपाने स्वयंपाकघराची खिडकी थोडीशी उघडली, एवढीशी, की ज्याला वास हवा त्याने घ्यावा आणि ज्याला नको त्याला जायला वाट असावी. पहिला शेलपेक फुगला तेव्हा ती नाक ओढत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. जिन्यात राखिया अझेची काठी वाजायला लागली होती. ताट रिकामं घेऊनच ती वर येत होती.

चाळिसावा झाला. दिवा आम्ही दोघींनी मिळून विझवला. मी अल्माटीला परत गेले आणि आता दर रविवारी फोन करते.

परवाही केला. बाहेर बर्फ होतं, लाईनवर खरखर होती. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "खातो का?"

"नाही," आपा म्हणाली. "महिन्याने एकदा ठेवून बघ म्हणाली होती ना डॉक्टरीण, ठेवला. तोंड बाहेर काढलं, उंदराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आत गेला. फोड गेलेत. वजन तेवढंच आहे. पण खात नाही."

मी बरं म्हटलं. आकेंचं घड्याळ माझ्या मनगटावर होतं. त्यांनी पाडलेलं शेवटचं भोक मला बरोबर बसतं. फोन ठेवायच्या आधी सहज विचारलं, "आणि तुम्ही? जेवलात?"

"खाल्लं की," ती म्हणाली.

"काय खाल्लं, आपा?"

पलीकडून एक मालगाडी पूर्ण गेली. मग तिचा आवाज आला, जरा पडलेला.

"चहा."

"उठा," मी म्हटलं. "मी फोन धरून बसते."

भांड्याचं झाकण वाजलं ते मला ऐकू आलं.